माझं वाक्य, मायचा श्वास

धूर आला की ईस्टरआधीच्या उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाल्याचं मला कळतं. कॅलेंडर बघावं लागत नाही. फेब्रुवारी सरत आला की देवरीच्या आसपासच्या जंगलात लोक मोहाच्या झाडांखालचा पालापाचोळा पेटवतात. जमीन काळी आणि साफ झाली की तिच्यावर पडलेलं फूल उठून दिसतं, वेचायला सोपं जातं. पेटवू नका म्हणून वनखात्याच्या गाडीवरून भोंगा फिरतो. लोक भोंगा ऐकून घेतात आणि गाडी वळणाआड गेली की काडी ओढतात. तो धूर पहाटे खाली उतरतो आणि ऊन चढेपर्यंत घराघरांत ठिय्या देऊन बसतो.

या सोमवारी धूर आला. मी उठून मागच्या खोलीची खिडकी लावली, कडी घातली, फटीत ओला टॉवेल कोंबला. सगळं झाल्यावर लक्षात आलं, त्या खोलीत आता तांदळाच्या कोठीशिवाय काही नाही. तांदळाला दम लागत नाही. मी टॉवेल काढला, पिळला आणि दोरीवर टाकला.

चार वर्षांपूर्वी त्या खोलीत माझी सासू होती. सगळी वस्ती तिला माय म्हणायची, म्हणून मीही. जंगलपट्टीतल्या गावात जन्मलेली. मिशनच्या जीपच्या ड्रायव्हरशी लग्न झालं तेव्हा बाप्तिस्मा घेतला आणि चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर बसली, कारण तिथून लवकर निघता येतं. उमेदीची सगळी वर्षं तिनं राईस मिलमध्ये कोंडा उपसला आणि घरी येऊन चुलीपुढे बसली. कोंड्यानं आणि चुलीनं मिळून तिच्या फुप्फुसांचं काम तमाम केलं. शेवटी शेवटी ती ऑक्सिजनच्या मशीनवर होती. नवरा माझा तिरोड्याच्या वीज केंद्रात. शनिवारी येणार, रविवारी जाणार. तो तिकडे वीज तयार करायचा आणि इकडे आमची वीज जायची. मशीन बंद पडलं की सिलिंडर लावायचा, नळी बदलायची, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजनचा आकडा बघायचा. हे सगळं मी करायचे. अंघोळ, कपडे, बेडपॅनसुद्धा. तक्रार म्हणून सांगत नाही. कोण करायचं एवढंच सांगते.

मी शाळेत विज्ञान शिकवते. श्वसनसंस्थेचं चित्र मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते. तरी त्या वर्षी मी श्वासाची प्रार्थना शिकायला गेले. घरातून रोज अर्धा तास बाहेर पडायला ते एकमेव कारण होतं ज्याला कोणी नाही म्हणू शकत नव्हतं.

शिकवायच्या त्या सुशीलाबाई. मूळच्या नगरकडच्या, मुंबईत नर्सिंग शिकलेल्या, मिशनच्या दवाखान्यात आयुष्य काढून इथंच राहिलेल्या. एकट्या. चर्चला त्या अजून देऊळ म्हणतात. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठ्या, पण मैत्रीण म्हणावं अशी मला तेव्हा तीच एक होती. चाळीस दिवस, पहाटे साडेपाचला, चर्चच्या ओसरीवर आम्ही सहा बायका सतरंजीवर बसायचो. पाठ ताठ, हात मांडीवर. श्वास आत घेताना देवाला हाक मारायची, सोडताना मागणं सांगायचं. बस एवढंच. पूर्वी वाळवंटातले आणि डोंगरातले साधू असं करायचे, सुशीलाबाई सांगायच्या. आधी ओठांनी म्हणायचं, मग मनात, मग श्वासच म्हणायला लागतो आणि आपण भाकरी थापत असलो तरी प्रार्थना चालूच राहते.

पण त्याआधी वाक्य शोधावं लागे. ही त्यांची खास पद्धत. चाळीस दिवस सुरू होण्याआधीच्या आठवड्यात त्या एकेकीला आतल्या लहान खोलीत बोलवायच्या. दार लावायच्या. आणि विचारायच्या, "देव समोर उभा राहून विचारतोय, तुला काय पाहिजे? एका श्वासात सांग."

मी सांगितलं, "प्रभू, मला शक्ती दे."

"हे शाळेच्या परिपाठात म्हण. खरं सांग."

"खरंच आहे."

"मंदा, तू माझ्याकडे बघत नाहीयेस."

मी भिंतीकडे बघत होते. भिंतीवर औषधाच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर होतं. बराच वेळ मी त्यातले वार वाचले. मग तोंडातून निघालं, "देवा, आता पुरे."

"कोणाचं पुरे?"

"मायचं."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच."

त्यांनी मला उपदेश केला नाही. म्हणूनच मी त्यांना मानत होते. त्यांनी फक्त माझ्या पाठीवर हात ठेवून वाक्य श्वासात बसतं का ते पाहिलं. शिंपी गळ्याचं माप घेतो तसं. 'देवा' आत, 'आता पुरे' बाहेर. बसलं. मग नियम सांगितला, जो त्या सगळ्यांना सांगायच्या. "वाक्य म्हणजे टूथब्रश. ज्याचा त्याचा. नवऱ्यालासुद्धा द्यायचा नाही."

मी हसले. कितीतरी दिवसांनी.

त्या पहाटा मला चांगल्या आठवतात, हे कबूल केलं पाहिजे. ओसरीसमोरच्या रस्त्यानं टोपल्या घेतलेल्या बाया मोह वेचायला जायच्या. महामार्गावरच्या पहिल्या बसचा आवाज यायचा. सहा बायकांचे सहा श्वास, कोणाचं वाक्य काय ते कोणालाच माहीत नाही. शेजारी बसलेली काय मागत असेल? मुलाची नोकरी? नवऱ्याची दारू? आणि मी सगळ्यांच्या मधे बसून एका म्हातारीचा मृत्यू मागत होते, पाठ ताठ ठेवून. लाज वाटायची का? पहिल्या आठवड्यात वाटली. नंतर नाही. एखादी खरी गोष्ट रोज अर्धा तास खरेपणानं म्हटली की माणूस हलका होतो. घरी येऊन मी मायचे केस जास्त हळू विंचरायला लागले होते. ते तिच्याही लक्षात आलं. "देवळात काय पाजतेत वं तुले?" तिनं विचारलं होतं. "हात नरम झाले तुये."

बसणं संपलं की सुशीलाबाई कधी कधी रिबेकाबद्दल बोलायच्या. मुंबईला नर्सिंग होस्टेलमध्ये ती त्यांची खोलीसोबतीण. कोकणातली ज्यू, घरात आपल्यासारखं मराठी बोलणारी, शनिवारी, त्यांच्या विसाव्याच्या दिवशी, दिव्याचं बटनसुद्धा न दाबणारी. सकाळी डोळे उघडले की पाय खाली टेकण्याआधी ती देवाचे आभार मानायची, माझा प्राण परत दिलास म्हणून. झोपेत तो देवाकडे ठेवायला दिलेला असतो, असं ती मानायची. त्यांच्या धर्मग्रंथाच्या भाषेत आत्मा आणि श्वास हे शब्द सख्ख्या बहिणी आहेत. मातीच्या माणसात देवानं श्वास फुंकला ती गोष्ट त्यांची आणि आमची एकच. आणि देवाचं जे खरं नाव आहे ते त्यांच्यात कोणी उच्चारत नाही. तिच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं, ते नाव म्हणजे नुसता श्वासाचा आवाज आहे. आत एक, बाहेर एक. बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा तेच म्हणतं आणि माणूस जाताना शेवटचं तेच. "मग ती प्रार्थनेत मागायची काय?" मी विचारलं. "काही नाही," सुशीलाबाई म्हणाल्या. "नुसती बसायची. मला ते जमलं नाही. मला शब्द लागतात."

मलाही शब्द लागत होते. तिथंच चुकलं.

पाचव्या आठवड्यातला मंगळवार होता. सकाळची शाळा सुरू झाली होती, म्हणून मी साडेअकराला घरी आले. वीज गेलेली. मशीन बंद, त्यामुळे घर एकदम शांत. त्या वेळी मायजवळ सुशीलाबाई बसायच्या. मंगळवारी त्या तिचं अंग पुसून द्यायला यायच्या, मी न सांगता. मी चप्पल काढत होते आणि आतून मायचा आवाज आला. घरघरता, तुटका, पण नेमात.

"देवा..." आणि मग लांब, ओठ गोल करून फुंकर घालावी तसं, "आता पुरे."

पुन्हा. "देवा..." "आता पुरे."

मी एक चप्पल पायात आणि एक हातात अशी दारात उभी राहिले. घरात चोर शिरला की आपला हात आधी कपाटाकडे जातो. माझा हात छातीवर गेला.

आत सुशीलाबाई मायच्या पाठीवर हात ठेवून बसल्या होत्या. बोटाला चिमटा. त्यांनी माझ्याकडे बघून आनंदानं सांगितलं, "एक्याण्णव आलाय बघ. सिलिंडर न लावता."

मायनं डोळे उघडले. "आली का वं? तुयं वाक्य बरं हाय. दम लागत नाई याच्यानं."

तुयं वाक्य. म्हणजे कोणाचं तेही सांगून झालं होतं.

सुशीलाबाईंना मी अंगणात गाठलं. त्या दोरीवर टॉवेल वाळत घालत होत्या.

"टूथब्रश म्हणाला होतात ना?"

"माणूस गुदमरत असला तर मी कोणाचाही वापरीन."

"दुसरं वाक्य नव्हतं जगात?"

"तीन करून बघितली. मोठी होतात. 'प्रभू येशू' म्हणेपर्यंत ती खोकायला लागते. तुझं लहान आहे. आणि 'पुरे' म्हणताना ओठ गोल होतात, हवा हळू सुटते. तू सायन्सची ना? तुला कळायला पाहिजे."

मला कळत होतं. हेच मला सहन होत नव्हतं. फुप्फुसाच्या रोग्याला डॉक्टर हाच व्यायाम सांगतात, ओठांचा चंबू करून सावकाश सोडा. त्या बाईनं माझ्या पोटातलं सगळ्यात काळं वाक्य काढून त्याचा व्यायाम केला होता.

"माझं नाव कशाला सांगितलं?"

"तिनं विचारलं कोणाचं. मी खोटं बोलत नाही, मंदा."

"गप्प तरी बसायचं."

त्या पुन्हा दोरीकडे वळल्या. टॉवेलाला चिमटा लावला, पिशवी उचलली आणि गेल्या. माफी मागितली नाही. पुढच्या पहाटे मी ओसरीवर गेले नाही, आणि त्यानंतर कधीच नाही. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला सुद्धा मी मागच्या बाकावर, मायच्या जागेवर बसले आणि लवकर निघाले.

त्या दुपारी अंगणातून आत खोलीत परत यायला मला अर्धा तास लागला. भात टाकला, डाळ टाकली, ताट घेऊनच गेले, म्हणजे हातात काहीतरी असेल. मायनं दोन घास खाल्ले.

"माह्यासाठीच केलं होतं ना थे वाक्य?" तिनं विचारलं.

मी पाणी पुढे केलं.

"मंग मलेच काऊन नाई देलं? सुशीलाबाईले देलं. थे परकी."

रडली असती, शिव्या दिल्या असत्या, मुलाला फोन लावला असता, तर मला काय करायचं ते माहीत होतं. तिनं भात मागितला.

त्यानंतर ती ते वाक्य रोज म्हणू लागली. सकाळ, दुपार, संध्याकाळ, गोळ्यांसारखं. आणि ज्या वाक्यानं मी तिचा शेवट मागत होते त्या वाक्यावर ती जगली. मोह संपला, तेंदूपत्ता संपला, धानाची रोवणी झाली, ती होती. डॉक्टर म्हणाले, छान, काय करता? माय म्हणाली, "माही सून मास्तरीन हाय ना. तिनंच शिकवलं." शेजारच्या बाया यायच्या तेव्हा ती त्यांना म्हणून दाखवायची. बाया माझ्याकडे वळून म्हणायच्या, "सून असावी तं अशी, नाई तं आमच्या!" मी चहा ओतत असायचे. माय माझ्याकडे बघत असायची. तिच्या डोळ्यांत काय असायचं ते मी चार वर्षं शोधते आहे. सूड नव्हता. दया तर अजिबात नव्हती. चहाला उशीर झाला तर म्हणायची, "चहा आणतेस का देवाले हाक मारू?" आणि स्वतःच हसायची, खोकला येईपर्यंत. नवऱ्याला यातलं काही कळलं नाही. त्याला वाटायचं, आमचं दोघींचं किती जमतं.

खरं म्हणजे जमत होतंच. जी बाई तुमच्याबद्दल सगळ्यात वाईट गोष्ट जाणते, तिच्यापुढे बरं दिसण्याचा त्रास उरत नाही. मी तिच्यावर ओरडायला लागले, तीही माझ्यावर. आधी आम्ही दोघी फार गोड बोलायचो.

पण वाक्य माझं राहिलं नव्हतं. हे कोणाला सांगून समजणार नाही. मी डोळे मिटून बसले की 'देवा' पर्यंत यायचं, आणि सोडताना मायचीच घरघर ऐकू यायची. देवाशी बोलायला मला एक जागा मिळाली होती, जेमतेम दोन पावलांची. तीही गेली. लोक देवानं फसवलं म्हणतात. मला देवाबद्दल तक्रार नाही, त्यानं काही वचन दिलं नव्हतं. ज्या बाईनं दार लावून, पाठीवर हात ठेवून, खरं सांग म्हणून काढून घेतलं, तिनं वचन दिलं होतं.

यंदा धूर आल्यावर दोन दिवसांनी सुशीलाबाई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. पाठीत वाकल्यात. मला बघून म्हणाल्या, "चार जणीच आहेत या वर्षी. येतेस?"

"नाही."

"अजून राग आहे?"

"आहे."

"बरं." मग म्हणाल्या, "तिला सहा महिने जास्त मिळाले, मंदा."

"मिळाले. तुमच्यामुळे. तरी आहे."

त्यांनी मान हलवली. नर्स आहे ती, जखम बघून समजते. मी त्यांना स्कूटीवरून घरापर्यंत सोडलं, कारण ऊन होतं. रस्ताभर आम्ही पाण्याच्या टाकीबद्दल बोललो.

हल्ली सकाळी मी बसते. घरीच, स्वयंपाकघरात, गॅस लावण्याआधी. काही म्हणत नाही. रिबेकाच्या आजोबांचं बरोबर असावं. नाव न घेता नुसता श्वास, आत एक, बाहेर एक. त्यात मागणं नाही, म्हणून कोणाला चोरून देण्यासारखंही काही नाही. मला त्यातून शांती वगैरे मिळत नाही. पण ते माझं आहे.

एक मात्र मी कोणाला सांगितलेलं नाही. सुशीलाबाईंनाही नाही, त्यांना तर नाहीच.

धान कापणीचे दिवस होते, मायचे शेवटचे. रविवारची दुपार. नवरा जेवून बसस्टँडवर गेला होता. मायचा दम आता इतका आखूड झाला होता की एका श्वासात एकच शब्द मावायचा. मी तिची उशी उंच केली. तिनं माझं मनगट धरलं. बोटं लाकडासारखी, पण पकड होती.

"देवा," ती म्हणाली आणि थांबली.

मला वाटलं, दम घेते आहे. पण ती माझ्याकडे बघत होती. पुढचं मी म्हणावं म्हणून थांबली होती. माझंच वाक्य, माझ्याच वाट्याचं अर्धं. सगळ्यांसमोर माझ्या नावानं सांगितलेलं, आणि माझ्या तोंडून तिनं एकदाही न ऐकलेलं.

"देवा," ती पुन्हा म्हणाली.

मी तिच्या नाकातली नळी सरळ केली. मशीनची बाटली बघितली, पाणी कमी होतं, ते भरलं. चादर पायापाशी दुमडली होती, ती ओढून घेतली. महिनाभर जे मी रोज पहाटे म्हटलं होतं, ते आता जिच्यासाठी होतं तिनं हात पसरून मागितलं आणि माझ्या तोंडून निघेना.

तिनं मनगट सोडलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तुह्यानं नाई होत वं."

मग डोळे मिटून उरलेलं तिनं स्वतःच म्हटलं. दोन शब्द होते. तीन दम लागले.